सतरा नंबरची डबी

शनिवार, २४ ऑगस्ट. सकाळी साडेनऊ. जागा: आमची डायनिंग रूम, चँडलर, ॲरिझोना. हजर विद्यार्थी: ईरा (आमची), सानिका (शुभांगीची), अर्णव, रेवा, ओम. उशीर: ओम, अकरा मिनिटं. पालक: मी आणि शुभांगी. शिक्षक: हजर. डायनिंग टेबलाखाली.

त्या दिवशी वहीत लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवलं आहे. वही अजून माझ्याकडे आहे. मी वह्या टाकत नाही.

पाच मुलं खुर्च्यांवर बसली होती, पाचांनीही पाय वर घेतले होते, आणि टेबलाखालून फक्त एक आवाज येत होता. "मलेशिया! रबराचं लाकूड आहे हे. चीक काढून काढून झाड म्हातारं झालं की तोडतात आणि त्याची टेबलं करतात. हेडबाई, तुम्हाला दुकानात काय सांगितलं होतं?"

"ओक," मी म्हटलं.

"ओक!" खालून उत्तर आलं, आणि त्यामागोमाग बराच वेळ हसणं. मग आधी एक टक्कल, नंतर चष्मा आणि शेवटी उरलेले सर बाहेर आले. गुडघे झटकत मुलांना म्हणाले, "लिहून घ्या. पहिला धडा. आपण कशावर वही ठेवून लिहितो, ते आधी माहीत पाहिजे."

तोवर आमची ओळख जेमतेम पंधरा मिनिटांची होती. त्यांनी माझं नावही विचारलं नव्हतं. भिंतीवर मी चिकटवलेलं वेळापत्रक (सात युनिटं, बत्तीस शनिवार, तीन रंग) पाहून मला हेडबाई करून टाकलं होतं, आणि शेवटपर्यंत मी हेडबाईच राहिले. वेळापत्रकाचं त्यांनी एकदाच कौतुक केलं. कागद जाड आहे, मागच्या बाजूला नकाशा चांगला उमटतो, म्हणाले.

सर म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, माधुरीचे वडील. अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. बायको गेली, एकुलती मुलगी इकडे, आणि हे घरात एकटे. आदल्या हिवाळ्यात सकाळी न्हाणीघरात पडले, ते कामाची बाई येईपर्यंत तसेच पडून होते. माधुरीने धसका घेतला आणि ग्रीन कार्डाच्या मागे लागली. ते हातात आल्यावर सर म्हणाले, "एक वर्ष राहून बघतो. मन लागलं तर राहीन. नाही लागलं तर आग्रह करायचा नाही."

माधुरीने मला फोन केला. "तू काहीतरी काढ गं. ते आल्यापासून बॅगच उघडत नाहीयेत. कोपऱ्यात उभी करून ठेवलीय. शर्ट लागला की चेन अर्धी उघडतात, शर्ट काढतात, परत चेन लावतात. मला ती बॅग बघवत नाही."

इकडे माझी ईरा नववीत गेली होती आणि तिने एपी ह्यूमन जिओग्राफी घेतली होती. म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा भूगोल: माणसं कुठून कुठे जातात, वस्तू कुठून कुठे जातात, आणि याला सगळे मिळून जागतिकीकरण का म्हणतात. परीक्षा मे महिन्यात. माधुरीची गरज आणि माझी गरज एका ओळीत बसत होती. मी चार फोन केले, चार मुलं मिळाली, पाचवी आमची. शेवटचा फोन शुभांगीला, जी आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहते आणि जिच्याबरोबर मी सहा वर्षं रोज सकाळी चालायला जात होते.

पाचचा आकडा सरांचा. त्यांची ती एकच अट होती. "पाच असले तर वर्ग. चार म्हणजे पत्ते." मी हसले होते. तो विनोद नव्हता, नियम होता.

सरांच्या सवयींबद्दल आधी सांगायला हवं. एक म्हणजे त्यांना डावं-उजवं कळायचं नाही, किंवा कळत असलं तरी ते मान्य नव्हतं. कुठल्याही घरात गेले की आधी दारात उभे राहून उत्तर दिशा शोधायचे आणि तिच्याकडे तोंड करून बसायचे. जेवताना म्हणायचे, "वायव्येची चटणी इकडे करा." माधुरी गाडी चालवत असली की, "आता पश्चिमेला वळ." ती बिचारी ऐन चौकात म्हणायची, "बाबा, लेफ्ट का राइट ते सांगा ना!" त्यावर हे, "तू कुठून येऊन राहिली त्यावर ते अवलंबून आहे. पश्चिम कुणावर अवलंबून नाही." चँडलरचे सरळ काटकोनातले रस्ते मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडले. हे गाव भूगोलाच्या मास्तरनं आखलं असलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं.

दुसरी सवय लेबलं वाचण्याची. दिवाळीच्या पार्टीत ओळख करून दिलेल्या माणसाशी हात मिळवता मिळवता त्यांनी दुसऱ्या हाताने त्याची कॉलर मागून उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "व्हिएतनाम. छान. तुम्ही?" तो माणूस घाबरून म्हणाला, "मी नागपूर."

वर्गातही तेच. "चायना हे उत्तर नाही, चायना ही टाळाटाळ आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कपडे धुवायला टाकतानाही माझ्या कानात वाजायचं. त्यांना गावाचं नाव हवं असे. मुलं वैतागायची.

"बट सर, इट जस्ट सेज मेड इन चायना," अर्णव म्हणायचा.

"देशाला हात नसतात बाळा. बूट गावात शिवतात. गाव शोध."

"सर, दॅट्स नॉट ऑन द टेस्ट."

"टेस्टमध्ये नाही, पण तुझ्या पायात आहे ना?"

'ग्लोबल' हा शब्द वापरायला वर्गात बंदी होती. ज्याला नक्की ठिकाण माहीत नसतं तो ग्लोबल म्हणतो, असं सरांचं म्हणणं. ज्या विषयाच्या पुस्तकात हा शब्द पानोपानी येतो, तो विषय या अटीवर शिकवणं म्हणजे मीठ न घालता लोणचं घालण्यासारखं होतं. पण मुलं अडून अडून का होईना, दुसरे शब्द शोधायला लागली.

एका शनिवारी सर पाचही जणांना घेऊन इंडियन स्टोअरमध्ये गेले. अर्थात गाडी मी चालवली. सर कडधान्यांच्या रांगेत उकिडवे बसले, मुलं शेजारी बसली, आणि एकेक पाकीट उलटं करून सगळे वह्यांमध्ये उतरवू लागले. पंधरा मिनिटांनी दुकानदार धापा टाकत आला. त्याला वाटलं, तपासणी आली.

"सर, एव्हरीथिंग इज फ्रेश, सर. एक्स्पायरी चेक करा हवं तर."

सरांनी मान वर केली. हातात तूरडाळीचं पाकीट होतं. "ही मलावीची आहे," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

"सर, पुढच्या आठवड्यात काढून टाकतो."

"काहून? चांगली आहे की! मी आयुष्यभर तुरीच्या मुलखात राहिलो आणि इथे माझी मुलगी आफ्रिकेच्या तुरीचं वरण करून राहिली. मला कुणी सांगितलंच नाही!"

बाहेर पडताना प्रत्येक मुलाच्या हातात एक फुकट सामोसा होता. मी वहीत 'क्षेत्रभेट' लिहिलं.

ऑक्टोबरातली एक सहल मात्र वेगळी झाली. दक्षिणेला तासभर गेलं की शेतं लागतात. वाळवंटात कालव्याचं पाणी आणून केलेली, डोळ्यांत न मावणारी सपाट शेतं. एका वळणावर सर अचानक म्हणाले, "थांबवा." रस्त्याच्या कडेला कापूस फुटला होता. सर उतरले. कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही, उत्तर दिशासुद्धा शोधली नाही. मुलं गाडीत एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी सानिका खाली उतरली आणि तिने हळूच विचारलं, "सर, आर यू ओके?"

"हो बाप्पा," सर म्हणाले. "ओळखीचं कुणी दिसलं म्हणून थांबलो."

त्या संध्याकाळी माधुरीचा फोन आला. तिचा आवाज इतका वर गेला होता की मला वाटलं काहीतरी वाईट झालं. "अगं, बाबांनी हँगर मागितले! कपाटात शर्ट लावतायत. बॅग वर माळ्यावर टाक म्हणाले!"

मी वही उघडून 'सरांची बॅग' या ओळीपुढे बरोबरची खूण केली. इतकी समाधानाची खूण मी आधी केल्याचं आठवत नाही.

आता डब्यांकडे येते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी माझ्या बहिणीने पुण्याहून झाकणाच्या छोट्या स्टीलच्या चाळीस डब्या पाठवल्या होत्या. त्या टेबलावर मांडलेल्या असताना सर आले. सवयीने एक उचलली, उलटी केली आणि चष्मा पुसून परत बघितली. मग दुसरी. मग तिसरी. "हेडबाई, हिला गावच नाही!"

खरंच, डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. शिक्का नाही, लेबल नाही. मला वाटलं सर हिरमुसतील. पण त्यांचे डोळे चमकले. "मागचा प्रवास कळत नाही तर नको. आपण पुढचा बघू. तुम्ही बायका हे वाण एकमेकींना देता, ते पुढे जातं कुठे?"

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसे या डब्यांच्या तळाशी ठिपक्यांनी आकडे घालायचे, असं ठरलं. पुढच्या शनिवारी पाचही मुलं गराजमध्ये मांडी घालून बसली आणि खिळा-हातोडी घेऊन हलक्या हाताने टकटक करू लागली. एक ते चाळीस. आवाज ऐकून शेजारचे आजोबा कुतूहलाने आले.

"डूइंग सम मेटल वर्क?"

"नो नो," सर म्हणाले. "जिओग्राफी."

नियम सोपा होता. आमच्याकडची हळदीकुंकवं एका दिवसात संपत नाहीत. प्रत्येकीला मोकळा वीकएंड हवा असतो, त्यामुळे जानेवारीत सुरू झालेली संक्रांत फेब्रुवारीभर चालते. मुलांनी आयांबरोबर प्रत्येक ठिकाणी जायचं, वाण म्हणून कुठे स्टीलची डबी दिसली की उलटी करायची, आणि आकडा सरांना कळवायचा. जी मुलं हळदीकुंकू म्हटलं की वरच्या मजल्यावर जाऊन दार लावून घेत, ती आता बायकांच्या गर्दीत घुसून "मावशी, कॅन आय सी युअर डबी?" असं विचारू लागली. आयांना वाटलं, मुलांना संस्कृतीची ओढ लागली.

सहा आठवड्यांत सरांचा नकाशा तयार झाला. माझ्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूलाच. चँडलर, गिल्बर्ट, मेसा, आणि त्यांच्यातून फिरणारे बाण. प्रत्येक बाणावर एक आकडा. नऊ नंबरची डबी आमच्या घरून निघून तीन घरं फिरून चौथ्या हळदीकुंकवात माझ्याच ओटीत आली होती. सर खूश होते. "तिघींना नको होती, पण तिघींपैकी एकीनंही टाकली नाही. प्रत्येकीनं जपून पुढे दिली. जगाचा व्यापार याच्यापेक्षा काय वेगळा असतो, सांगा!"

नकाशावर फक्त आकडे होते. नाव एकही नव्हतं.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या फेब्रुवारीतल्या कार्यक्रमात मुलांचं काम मांडायचं ठरलं. हॉलच्या दाराशी बोर्ड लावायचा होता. मी आदल्या दिवशी नकाशा बघत बसले आणि मला तो अर्धवट वाटला. कुठली डबी मूळ कुणाला दिली, याची यादी माझ्याकडे होती. मी देतानाच नोंदली होती, कारण मी नोंदतेच. मग मी एक तक्ता केला. रकाने चार: डबी नंबर, कुणाला दिली, तारीख, पुढे कुठे आणि किती दिवसांनी सापडली. सुबक झाला. प्रिंट काढून नकाशाच्या शेजारी टाचणीने लावला. सरांना विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं वाटलं.

नाटुकलं संपून चहाला सगळे बाहेर आले तेव्हा बोर्डासमोर घोळका झाला. आधी हसणं. "ए, तू माझी डबी हिला दिलीस होय!" "अय्या, पण मी तर तुझीच समजून तुला परत दिली!" दोघीतिघी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग कुणीतरी मोठ्याने वाचलं, "सतरा नंबर, शुभांगी, सहा दिवस. अगं शुभांगी, आठवडाभर तरी घरात ठेवायचीस गं!"

सगळ्या हसल्या. शुभांगीही हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला, तो मी पाहिला.

सतरा नंबर तिने सहाव्या दिवशी आपल्या हळदीकुंकवात माधुरीला दिली होती. शुभांगीकडे त्या वर्षी आलेलं सगळंच वाण असं पुढे गेलं होतं, हे तक्त्यात नव्हतं. आणि कुणालाच माहीत नसलेली गोष्ट म्हणजे तिच्या नवऱ्याची नोकरी जानेवारीत गेली होती. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडावा लागणार, म्हणून व्हिसाचे दिवस मोजत घर चाललं होतं. त्या काळजीत भारतातून वाण मागवायचं तिला सुचलं नव्हतं, आणि हळदीकुंकू रद्द केलं तर लोक विचारतील म्हणून तिने ते केलं होतं. हे मला नंतर माधुरीकडून कळलं. मी रोज तिच्याबरोबर दोन मैल चालत होते आणि मला कळलं नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?" शुभांगीने विचारलं. मोठ्याने नाही.

मी तोंड उघडलं. माझ्या आधी मागून सर बोलले, "मी. वर्ग माझा, तक्ता माझा."

आमच्या मंडळात तीन रंगांचे तक्ते कोण करतं, हे कुणालाही कळलं असतं. पण त्या क्षणी ती सरांकडे बघत होती. "सर, तुम्ही मला वडिलांसारखे होतात," एवढंच म्हणाली आणि सानिकाचा हात धरून निघाली. मी तिच्या मागे गेले नाही. कागद काढला, चार टाचण्या खोक्यात ठेवल्या, आणि घरी गेल्यावर फोन करू असं ठरवलं.

गाडीकडे जाताना मी सरांना म्हटलं, "तुम्ही का सांगितलंत असं?"

"मी म्हातारा पाहुणा आहे. माझ्यावर रागावली तर तिचं काही जात नाही. तुमच्यावर रागावली तर सकाळचं चालणं जाईल." थोडं थांबून म्हणाले, "पण तुम्ही सांगा तिला. तुमच्या सवडीनं."

सवड ही माझ्याकडे असते. माझ्या वहीत तिच्यासाठी रकानाच आहे.

पुढचा शनिवार. हजर: ईरा, अर्णव, रेवा, ओम. गैरहजर: सानिका. सर उत्तरेकडे तोंड करून वीस मिनिटं थांबले. मग खिशातून पत्ते काढले. चौघांना समोरासमोर बसवलं आणि मेंढीकोट शिकवला. मुलांना तो क्लास सगळ्यांत आवडला. ओम तर लवकर यायला पाहिजे होतं असं म्हणाला, जे तो जन्मात म्हणाला नव्हता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सर हुकूम सांगत होते, दहिल्या मोजत होते, मुलं ओरडत होती, आणि भूगोलाचा एक शब्द निघत नव्हता.

त्या आठवड्यात मी अकरा घरी फोन केले. पाचवं मूल मिळालं नाही. सगळ्यांनी तोवर ऑनलाइन सरावाचे वर्ग लावले होते. शेवटी मी सरांना म्हटलं, "मी बसते पाचवी. मलाही भूगोल येत नाही."

"हेडबाई वर्गात बसल्या तर पोरं बोलतील का? आणि पाचवी आहे की आपल्याकडे. चार गल्ल्यांवर."

मी विषय बदलला.

दुसऱ्या शनिवारीही मेंढीकोट. तिसऱ्या शनिवारी सर आले नाहीत, माधुरीचा फोन आला. "माळ्यावरून बॅग काढून दे म्हणाले. मी म्हटलं, बाबा, वर्ष कुठे झालं? तर म्हणतात, पत्ते काय, मी तिकडेही खेळू शकतो."

विमानतळावर त्यांना पोचवायला माधुरीबरोबर मीही गेले. प्रवासाच्या सूचनांची यादी मी केली होती, सरांच्या गोळ्यांची वेगळी. सरांनी दोन्ही वाचल्या, घडी घालून खिशात ठेवल्या. मग पिशवीतून एक छोटी स्टीलची डबी काढून माझ्या हातात दिली. मी ती उलटी केली. ठिपक्यांमध्ये एक आणि सात. जेवणानंतरचा ओवा ते हिच्यात ठेवत असत. झाकण उघडल्यावर अजून वास येत होता.

"सतरा नंबर माझ्याच घरी होती, म्हणून तो बाण काढताना मला कुठे विचारावं लागलं नाही," ते म्हणाले. "आता हिचा शेवटचा बाण तू काढ."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं.

"सर, तिने देऊन टाकलेली डबी तिलाच परत कशी देऊ? तिला अजून लागेल ते."

"डबी निमित्त आहे. गेल्यावर काय सांगायचं ते तुला माहीत आहे."

मग माधुरीच्या डोक्यावर हात ठेवला, दारापाशी थांबून उत्तर शोधली, आणि नेमके उलट्या बाजूला, दक्षिणेच्या गेटकडे गेले.

मे महिन्यात परीक्षा झाली. एका प्रश्नाला ओढूनताणून वस्तूच्या शेतापासून ताटापर्यंतच्या प्रवासाकडे वळवून ईराने मलावीची तूरडाळ आपल्या उत्तरात घुसवली, आणि संपूर्ण पेपरात ग्लोबल हा शब्द एकदाही वापरला नाही. तिला पाचपैकी पाच मिळाले. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "डाळीचं गाव लिहिलं का?" गाव तिला माहीत नव्हतं. "मग पाच कशाचे दिले?"

ते दर शनिवारी फोन करतात. माधुरीने शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, ते रोज सकाळी बेल वाजवून जातात, सर आतून "आहे!" असं ओरडतात, आणि तेवढ्यावर माधुरीचा दिवस सुरू होतो. शुभांगीच्या नवऱ्याला वेळेत नोकरी लागली. ते इथेच आहेत. सकाळी ती आता कालव्याच्या पलीकडच्या बाजूने चालते, मी अलीकडच्या. समोरासमोर आलो की हात करतो.

मागच्या शनिवारी सरांनी नेहमीप्रमाणे आधी विचारलं, "सतरा नंबर कुठे आहे?"

"माझ्या ओट्यावर."

"म्हणजे बाण अजून निघाला नाही." मग आवाज बदलून म्हणाले, "वर्षाच्या आत परत आलो तर कार्ड चालतं, असं माधुरी म्हणते. बॅग भरलेलीच आहे. इकडे आल्यापासून उघडली नाही. पाच झाले की कळवा, हेडबाई."

मला परत हेडबाई केलं, त्याअर्थी ते गंभीरपणे बोलत होते.

म्हणून मी नवी यादी केली. नववीत जाणारी मुलं, या वर्षीची. पहिली चार नावं दोन दिवसांत मिळाली, चौघांच्याही आयांनी हो म्हटलं. पाचव्या ओळीवर लिहिण्यासारखं एकच नाव मला माहीत आहे: मीरा, सानिकाची धाकटी बहीण. ते अजून लिहिलेलं नाही, कारण आधी तिच्या आईशी बोलायला हवं, आणि बोलायची सुरुवात मीराच्या क्लासपासून करता येणार नाही.

आज शनिवार. डबी घासून, पुसून, तिळगूळ नाही म्हणून बेसनाचा एक लाडू घालून ठेवली आहे. ओव्याचा वास गेलेला नाही. सकाळी चालताना पाहिलं, शुभांगीची गाडी ड्राइव्हवेमध्ये होती. वहीत आजच्या पानावर सहा कामं आहेत, पाचांपुढे खूण झाली. सहावं मार्चपासून दर आठवड्याला पुढच्या पानावर उतरवते आहे: सतरा नंबर. पूर्वेला, चार गल्ल्या. तक्ता मी केला होता, हे सांगणे.